नीट पुन्हा देताना: ठाणे आणि नवी मुंबईतील विद्यार्थी व पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नीट-यूजी या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल साधारणपणे जूनमध्ये लागतो आणि त्यानंतर नौपाड्यापासून खारघरपर्यंत कितीतरी घरांत एकच चर्चा सुरू होते: मिळेल त्या शाखेला प्रवेश घ्यावा, की ड्रॉप घेऊन, म्हणजे एक वर्ष थांबून, परीक्षा पुन्हा द्यावी? नियमांची आडकाठी काहीच नाही. परीक्षा किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही आता उरलेली नाही. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत हा कितवा प्रयत्न होता याला कोणतेही स्थान नसते. म्हणून ठरवायचे ते इतकेच की, हातात येणारे दहा-अकरा महिने तुमचा क्रमांक खरोखर बदलू शकतील का. माझ्या मते हा निर्णय एकूण गुणांच्या आकड्यावरून न घेता सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेवरून घ्यावा.

पायरी पहिली: जुन्या पेपरचे विश्लेषण

परीक्षेनंतर प्रश्नपुस्तिका विद्यार्थ्याला घरी नेता येते. पुढे परीक्षा घेणारी संस्था एनटीए तात्पुरती उत्तरतालिका आणि ओएमआर पत्रिकेची (गोळे भरून उत्तरे दिलेल्या कागदाची) स्कॅन केलेली प्रत संकेतस्थळावर देते. ही प्रत ठरावीक दिवसच उपलब्ध असते, त्यामुळे ती उतरवून घेऊन गुणपत्रकासोबत जपून ठेवावी. निकालाचे दुःख थोडे ओसरले की दोन-तीन दिवस शांतपणे बसून १८०च्या १८० प्रश्न पुन्हा पाहावेत आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चूक का झाली ते लिहावे. कारणे मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात विषयच येत नव्हता. दुसऱ्या प्रकारात विषय वाचलेला होता, पण दोन पर्यायांत गोंधळ झाला. तिसऱ्या प्रकारात उत्तर येत होते, मात्र एकक चुकले, 'अयोग्य विधान ओळखा' हे 'योग्य विधान ओळखा' असे वाचले गेले, किंवा गोळा भलत्याच ठिकाणी भरला गेला.

हे वर्गीकरण इतके महत्त्वाचे का, ते गणिताने स्पष्ट होते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो, म्हणून चुकलेला एक प्रश्न दुरुस्त झाला की एकूण ५ गुणांचा फरक पडतो. समजा, एका विद्यार्थिनीची १२० उत्तरे बरोबर आली, ४२ चुकली आणि १८ प्रश्न तिने सोडून दिले. तिचे गुण ४८० वजा ४२, म्हणजे ४३८ होतात. त्या ४२ चुकांपैकी १६ प्रश्न तिला मुळात येत नव्हते, १४ गोंधळामुळे गेले आणि १२ निव्वळ निष्काळजीपणामुळे. या १२ चुका टळल्या तर ४९८ होतात आणि गोंधळातल्या १४ पैकी निम्म्या सावरल्या तर ५३३. एकही नवे प्रकरण न शिकता ही वाढ शक्य आहे. अशा विद्यार्थिनीने वर्ष नक्की द्यावे. याउलट जिचे ६० प्रश्न 'मुळात येतच नव्हते' या रकान्यात जातात, तिला अकरावीपासूनचा पाया पुन्हा रचावा लागेल. तेही शक्य आहे, परंतु ते काम वेगळे आहे आणि कुटुंबाने ते समजूनच होकार द्यावा.

याच वेळी अंदाजाने दिलेल्या उत्तरांचाही हिशेब करावा. 'निगेटिव्ह मार्किंग आहे, खात्री नसेल तर हात लावू नकोस' असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धवट आहे. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोनांतून निवड करण्याचा सरासरी फायदा प्रत्येक प्रश्नामागे दीड गुण इतका असतो. असे प्रश्न कोरे सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान उत्तरतालिकेत दिसत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे चालू राहते.

पायरी दुसरी: गुण बाजूला ठेवून क्रमांक पाहावा

एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहणे ही पालकांची सर्वांत मोठी फसगत ठरते. २०२४ साली सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्राचा, इतका कठीण आला की सर्वोच्च गुण ६८६ होते आणि ६५१ ते ६८६ या पट्ट्यात देशभरातून अवघे ७३ विद्यार्थी होते. त्यामुळे 'शेजारच्या मुलाला ६०० ला सरकारी कॉलेज मिळाले नव्हते' हे वाक्य पुढच्याच वर्षी निरर्थक ठरू शकते. अखिल भारतीय क्रमांक, राज्य गुणवत्ता यादीतील क्रमांक आणि तुमच्या प्रवर्गातील शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला झाला, या तीन गोष्टी पाहाव्यात. राज्याचे प्रवेश पाहणाऱ्या सीईटी कक्षाच्या प्रत्येक कॅप (केंद्रीकृत प्रवेश प्रक्रिया) राउंडच्या निवड यादीतून हे समजते.

आपल्या परिसरातील जागांची रचनाही नीट माहीत असावी. शासकीय आणि महापालिकांच्या महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी या केंद्रीय प्रवेश समितीमार्फत भरल्या जातात, तर ८५ टक्के राज्याच्या कॅप प्रक्रियेतून. ठाणे महापालिकेचे कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय, २०२४ मध्ये सुरू झालेले अंबरनाथचे शासकीय महाविद्यालय, मुंबईतील केईएम, सायन, नायर, कूपर आणि जे. जे. ही सगळी लोकलच्या अंतरावर आहेत. नेरूळचे तेरणा हे खासगी महाविद्यालय राज्याच्या प्रक्रियेत येते. मात्र नेरूळचे डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम ही अभिमत विद्यापीठे असल्याने त्यांच्या जागा एमसीसीमार्फत भरल्या जातात आणि तिथले वार्षिक शुल्क वीस लाखांच्या पुढे जाते. घराजवळ कॉलेज आहे म्हणून तिथे प्रवेश सोपा, असा समज करून घेऊ नये. आणखी किती क्रमांक वर सरकलो तर आपल्याला परवडणाऱ्या जागेपर्यंत पोहोचू, हा आकडा कागदावर लिहावा आणि पहिल्या पायरीतील हिशेबाशी ताडून पाहावा.

पायरी तिसरी: पूर्ण ड्रॉप, की प्रवेश घेऊन तयारी

इथे तीन मार्ग असतात. पूर्ण वर्ष मोकळे ठेवणे, बी.एस्सी.सारख्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवून तयारी करणे, किंवा बीएएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी यांपैकी मिळालेली जागा घेऊन पुन्हा परीक्षा देणे. तिसरा मार्ग सुरक्षित वाटतो, पण या अभ्यासक्रमांचे पहिले वर्ष स्वतःच कठीण असते. शरीररचनाशास्त्र आणि नीटचे भौतिकशास्त्र एकाच रात्री होत नाही. शिवाय जागा सोडताना शुल्क जप्ती आणि दंडाचे नियम लागू होतात, मूळ कागदपत्रे महाविद्यालयात अडकतात. एमसीसीच्या शेवटच्या स्ट्रे राउंडमध्ये (उरलेल्या जागांच्या फेरीत) मिळालेली जागा न घेतल्यास अनामत रक्कम तर जातेच, शिवाय पुढच्या वर्षीच्या परीक्षेला बसण्यावर बंदी येऊ शकते. पुन्हा परीक्षा द्यायची ठरलेल्या विद्यार्थ्याने त्या राउंडमध्ये पसंतिक्रम भरण्याआधी माहिती पुस्तिकेतील हा भाग दोनदा वाचावा.

दुसऱ्यांदा ड्रॉप घेण्याचा विचार असेल, तर निकष अधिक कठोर ठेवावा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नातील चुकांची यादी जवळपास सारखीच असेल, तर तिसऱ्या वर्षात नेमके काय बदलणार आहे याचे ठोस उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. आयुर्वेद, फिजिओथेरपी किंवा नर्सिंग ही नाइलाजाची क्षेत्रे नाहीत, आणि घरातल्या कोणीही ती तशी मुलांसमोर मांडू नयेत.

राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचा पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गट हा पर्याय खुला ठेवावा. या परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही, सुमारे ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो आणि तिच्या गुणांवर बी.फार्म., कृषी अशा अभ्यासक्रमांचे दरवाजे उघडतात.

पायरी चौथी: कागदपत्रे जून-जुलैतच तपासावीत

राज्य कोट्यातील जागेसाठी डोमिसाईल प्रमाणपत्र लागते आणि सर्वसाधारणपणे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागतात. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांकडे डोमिसाईल बहुधा असतेच. अडचण येते ती मुदत असलेल्या प्रमाणपत्रांची. नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रे प्रवेशाच्या वर्षासाठी वैध असावी लागतात, त्यामुळे गेल्या वर्षीचे प्रमाणपत्र चालेल असे गृहीत धरू नये. जात वैधता प्रमाणपत्र नसेल, तर जात पडताळणीचा अर्ज याच पावसाळ्यात करावा; प्रवेशाच्या तोंडावर समितीकडे रांग लागते.

नवी मुंबईकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, घणसोली हा भाग ठाणे तालुक्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात येतात. 'आपले सरकार' संकेतस्थळावर अर्ज करताना जिल्हा आणि तालुका चुकीचा निवडला, तर अर्ज परत येतो आणि आठवडे वाया जातात. गॅपबाबतचे प्रतिज्ञापत्र प्रवेशाच्या वेळी मागितले जाऊ शकते, तेव्हा त्याचीही तयारी असावी.

बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के, तर मागास प्रवर्गांसाठी ४० टक्के गुण आवश्यक आहेत. तेवढे नसतील, तर नीटचे गुण कितीही चांगले असले तरी प्रवेश मिळत नाही. अशा विद्यार्थ्याने राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेचा अर्ज आधी भरावा.

पायरी पाचवी: अभ्यासक्रम आणि पुस्तके

राज्य मंडळातून आलेल्या विद्यार्थ्यांचे गुण सर्वाधिक इथे निसटतात, म्हणून हा भाग सविस्तर वाचावा. नीटचा अभ्यासक्रम २०२४ पासून बदलला. रसायनशास्त्रातून घन अवस्था, पृष्ठभाग रसायन, बहुवारिके, धातुविज्ञान ही प्रकरणे वगळली गेली. जीवशास्त्रातून पचन व शोषण, वनस्पतींतील वहन, खनिज पोषण, पर्यावरणीय समस्या हे भाग गेले. भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यांचा, तर रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांचा घटक आला. मोठ्या बहिणीच्या किंवा ओळखीतल्या कोणाच्या जुन्या नोट्स वापरत असाल, तर आधी चालू अभ्यासक्रमाची प्रत शेजारी ठेवून वगळलेली पाने बाजूला काढा. राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण घन अवस्थेचे आहे; ते नीटला लागत नाही, मात्र एमएचटी-सीईटीला लागते. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी त्या प्रकरणाला एप्रिलच्या आधीचे थोडे दिवस ठेवावेत.

जीवशास्त्राचे ९० प्रश्न म्हणजे ३६० गुण, म्हणजेच निम्मा पेपर. हे प्रश्न एनसीईआरटीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकांतील वाक्यांवर, आकृत्यांवर, आकृतीखालच्या ओळींवर आणि तक्त्यांवर बेतलेले असतात. राज्य मंडळाच्या पुस्तकात तोच विषय वेगळ्या शब्दांत येतो आणि विधान-कारण प्रकारच्या प्रश्नांत शब्दांचा तेवढा फरक उत्तर बदलतो. उदाहरणादाखल सी-फोर वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण घ्या. कार्बन डायऑक्साइडचा प्राथमिक स्वीकारक पीईपी हा तीन कार्बनचा रेणू आहे, पहिले स्थिर उत्पादन ओएए हे चार कार्बनचे आहे, पहिले स्थिरीकरण मेसोफिल पेशींत होते आणि केल्व्हिन चक्र बंडल शीथ पेशींत चालते. विषय 'येतो' म्हणणारे बरेच विद्यार्थी यातील स्वीकारक आणि उत्पादन यांची अदलाबदल करतात, कारण त्यांनी उतारा वाचलेला असतो पण पुस्तक मिटून आकृती कधी काढलेली नसते. पुन्हा परीक्षा देणाऱ्याने प्रत्येक प्रकरणानंतर कोऱ्या कागदावर आकृती आणि तक्ता आठवणीने मांडावा आणि मग पुस्तकाशी जुळवावा. पाचव्यांदा अधोरेखन करण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

भौतिकशास्त्राचे दुखणे निराळे असते. सूत्र पाठ असते, पण एकक घात करते. नाभीय अंतर २५ सेंटिमीटर असलेल्या बहिर्वक्र भिंगाची शक्ती ४ डायॉप्टर असते. अंतर मीटरमध्ये न बदलता २५ ने भागणारा विद्यार्थी ०.०४ लिहितो, आणि तो पर्यायही समोर ठेवलेला असतो. यावर उपाय म्हणजे पूर्ण पायऱ्या लिहून, हाताने आकडेमोड करून रोज ठरावीक उदाहरणे सोडवणे. कॅल्क्युलेटर वर्षभर दूर ठेवावा. रसायनशास्त्रात असेंद्रिय भाग एनसीईआरटीतून, सेंद्रिय अभिक्रिया लिहून लिहून आणि भौतिक रसायन भौतिकशास्त्राच्याच पद्धतीने करावे.

मराठीतून प्रश्नपत्रिका निवडण्याची सोय आहे आणि ती द्विभाषिक असते. भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरला जातो, म्हणून मराठी निवडणाऱ्यांनीही संज्ञांचे इंग्रजी रूप ओळखीचे करून घ्यावे.

पायरी सहावी: क्लास, जागा आणि प्रवास

रिपीटर बॅच लावायची की घरी अभ्यास करून फक्त टेस्ट सिरीज घ्यायची, हे पहिल्या पायरीतील रकान्यांवरून ठरवावे. 'मुळात येत नाही' हा रकाना मोठा असेल, तर शिकवणी हवी. गोंधळ आणि निष्काळजीपणा जास्त असेल, तर चांगली टेस्ट सिरीज आणि शंका सोडवणारा एखादा शिक्षक पुरतो. मग लाखभर रुपये भरून तीच व्याख्याने पुन्हा ऐकण्यात वर्ष घालवू नये. क्लास निवडताना भिंतीवरचे टॉपरचे फोटो बाजूला ठेवून बॅचमध्ये किती विद्यार्थी आहेत, शंका सोडवण्याचे तास कोणते आणि प्रत्यक्ष शिकवणारे शिक्षक कोण, हे विचारावे. मध्येच सोडल्यास शुल्क कसे परत मिळेल ते लेखी घ्यावे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेल्या कालावधीचे शुल्क १० दिवसांत परत करावे असे म्हटले आहे, त्या सूचनांचा संदर्भ बोलताना द्यावा.

प्रवासाचा हिशेबही करावा. घणसोलीहून गर्दीच्या वेळी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आणि तिथून रिक्षाच्या रांगेतून घोडबंदर रोडला जाणारा विद्यार्थी रोजचे दोन-अडीच तास गमावतो, आणि घरी परतल्यावर उरते ते थकलेले डोके. थोडा कमी नावाजलेला, पण चालत जाण्याच्या अंतरावरचा क्लास अनेकदा योग्य ठरतो. घर लहान असेल, तर जवळची अभ्यासिका पावसाळ्यातच ठरवून ठेवावी. गणेशोत्सव आणि नवरात्रात मंडपाशेजारच्या इमारतींत संध्याकाळचा अभ्यास होत नाही. त्या दिवसांत पहाटेचे तास वापरण्याचे आधीच ठरवले, तर चिडचिड होत नाही.

पायरी सातवी: वर्षाचे वेळापत्रक

जुलै ते नोव्हेंबर हा संपूर्ण अभ्यासक्रमाच्या पहिल्या फेरीचा काळ मानावा आणि त्यात अकरावी-बारावीची प्रकरणे समांतर चालवावीत. डिसेंबर-जानेवारीत दुसरी फेरी, तीही दुबळ्या प्रकरणांना अधिक दिवस देऊन. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत पूर्ण पेपरचा सराव. कॅप राउंड ऑक्टोबरपर्यंत चालतात आणि त्या काळात अनेक मुले दर यादीकडे डोळे लावून अभ्यास थांबवतात. यादी पाहण्याचे काम पालकांनी करावे, विद्यार्थ्याचे वेळापत्रक मोडू नये.

मॉक टेस्ट दुपारी २ ते ५ याच वेळेत, ओएमआरवर आणि घड्याळ लावून द्यावी. २०२५ पासून १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे असतात. आधीची वीस जादा मिनिटे आणि ऐच्छिक प्रश्न आता नाहीत. दुपारच्या जेवणानंतरची सुस्ती आणि एप्रिल-मेचा उकाडा यांची शरीराला सवय लागणे हाही तयारीचाच भाग आहे. प्रत्येक टेस्टनंतर तेवढाच वेळ तिच्या विश्लेषणाला द्यावा आणि पहिल्या पायरीतले तीन रकाने त्याच वहीत पुढे चालू ठेवावेत. महिन्याअखेरीस वही उघडली की तिसरा रकाना आटतो आहे का हे दिसते. तो आटत नसेल, तर टेस्टची संख्या वाढवून काहीच साधत नाही. वाचण्याची आणि गोळे भरण्याची सवय बदलावी लागते.

या वर्षात एकटेपणा फार येतो, कारण बरोबरीचे मित्र कॉलेजात रमलेले असतात. रोजचा अर्धा तास तलावपाळीवर किंवा पाम बीचकडे चालायला जाणे हा वेळेचा अपव्यय नाही. झोप उडणे, जेवण सुटणे किंवा जगण्याविषयीच निराशा बोलून दाखवणे अशी लक्षणे दिसली, तर पालकांनी वाट पाहू नये; टेली-मानस ही शासकीय मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

पायरी आठवी: अर्ज आणि परीक्षेचा दिवस

अर्ज बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले जातात. पुन्हा परीक्षा देणाऱ्याने 'बारावी उत्तीर्ण' हा योग्य पर्याय निवडावा, जुन्या अर्जातील नाव, जन्मतारीख आणि प्रवर्ग आधारशी जुळतात का ते पाहावे आणि शहरांच्या पसंतीत ठाणे, नवी मुंबई, मुंबई असा प्रवासाच्या सोयीचा क्रम द्यावा.

परीक्षा सहसा मे महिन्यातील रविवारी असते आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉकचा दिवस. मध्य, हार्बर आणि ट्रान्स-हार्बर मार्गांवरील ब्लॉकचे वेळापत्रक शनिवारपर्यंत जाहीर होते; ते पाहूनच निघण्याची वेळ ठरवावी आणि पर्यायी वाहन तयार ठेवावे. केंद्र आदल्या दिवशी पाहून यावे, कारण एकाच संस्थेच्या दोन शाखा वेगवेगळ्या नोडमध्ये असल्याने चुकीच्या दारात उभे राहण्याचे प्रसंग घडतात. दीड वाजता प्रवेशद्वार बंद होते आणि त्यानंतर कोणतीही विनंती चालत नाही. अर्ध्या बाह्यांचे हलके कपडे, चप्पल, पारदर्शक पाण्याची बाटली, प्रवेशपत्र, छायाचित्रे आणि मूळ ओळखपत्र एवढेच न्यावे.

पेपर जीवशास्त्रापासून सुरू करावा असे माझे मत आहे. गुणांची समानता झाल्यास आधी जीवशास्त्राचेच गुण पाहिले जातात, आणि ४५ ते ५० मिनिटांत ९० प्रश्न हातावेगळे झाले की भौतिकशास्त्राला श्वास घ्यायला वेळ मिळतो. मात्र मॉकमध्ये जो क्रम बसला असेल, तोच त्या दिवशी ठेवावा.

पायरी नववी: परीक्षेनंतर

तात्पुरती उत्तरतालिका आल्यावर स्वतःची उत्तरे लगेच तपासावीत. एखादे उत्तर एनसीईआरटीच्या आधारे चुकीचे वाटत असेल, तर प्रत्येक प्रश्नासाठी २०० रुपये भरून आक्षेप घेता येतो. निकालानंतर फेरतपासणीची सोय नाही, त्यामुळे संधी हीच. त्यानंतर एमसीसी आणि राज्य सीईटी कक्ष या दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते, एकाचा अर्ज दुसरीकडे चालत नाही. पसंतिक्रम भरताना जे महाविद्यालय खरोखर हवे आहे ते वर ठेवावे. 'तिथे आपला नंबर लागणारच नाही' असे मानून ते खाली ढकलू नये, कारण वाटप गुणवत्तेनुसार आणि तुम्ही दिलेल्या क्रमानुसार होते. राज्याच्या प्रक्रियेत मिळालेल्या जागेवर समाधान असेल, तर स्टेटस रिटेन्शन (जागा कायम ठेवण्याचा) अर्ज भरावा आणि पुढच्या राउंडमध्ये वरची पसंती हवी असेल, तर तो भरू नये. हा एक कागद न वाचता सही केल्यामुळे चांगल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यालाही पुढच्या राउंडची संधी गमवावी लागते.